वधू-वर सूचीबरोबर एक कागद आणखी छापा



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. आपल्याकडे हा विषय सहसा निघत नाही. निघाला तरी स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात.

वधू-वर मेळावा जवळ आला की आपली सगळी मंडळं कामाला लागतात. हॉल, जेवण, स्टेज, सूची पुस्तिका. मुलाचा पगार, मुलीची उंची, मामाचं गाव, सगळं व्यवस्थित छापलेलं. लग्नं जुळवण्यात आपण तरबेज आहोत आणि ते चांगलंच आहे. पण यातलंच एखादं लग्न चार वर्षांनी तुटायला लागलं तर आपल्याकडे काय असतं? एक बैठक. चार मोठी माणसं, दोन्हीकडचे मामा आणि एकच वाक्य, "सांभाळून घ्या." घेतलं सांभाळून तर उत्तम. नाही जमलं तर पुढे काय करायचं, हे त्या बैठकीत कोणालाच सांगता येत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सेलवासमध्ये वेगळं होणाऱ्या कुटुंबांसाठी मदत नाही, असं नाही. मदत आहे, कायद्याने आहे आणि बरीचशी फुकट आहे. फक्त तिथपर्यंतचा रस्ता सांगणारं कोणी नाही. तो सांगायचं काम आपल्या मंडळांनी घ्यायला हवं, कारण ही माणसं सगळ्यात आधी आपल्याकडेच येतात.

मी 1989 साली लग्न होऊन सेलवासला आले. मराठी माध्यमाच्या शाळेत नोकरी लागली आणि तिथूनच निवृत्त झाले. करसवलतींमुळे तेव्हा कारखाने धडाधड उभे राहत होते. आमली, मसाट, पिपरिया, रखोली, जिकडे पाहावं तिकडे नवीन शेड. प्लॅस्टिक, धागा, टेक्श्चरायझिंग. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं आली. चाळीत एक खोली, नवरा शिफ्टला, बायको घरात नाहीतर पॅकिंगच्या कामाला. गावाकडे भांडण झालं तर शेजारची काकू मध्ये पडायची, सासरा तरी दटावायचा. इथे दारामागे दोघंच. सासर-माहेर दोन्ही रात्रभराच्या प्रवासावर.

शाळेतल्या बाईंना अशा गोष्टी लवकर कळतात. मूल डबा आणायचं बंद होतं. सहीसाठी पाठवलेली वही तशीच परत येते. मग एक दिवस आई दारात उभी राहते, "बाई, एक विचारू का?" त्या "विचारू का"ची उत्तरं शोधता शोधता जे कळलं, तेच इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, आपल्या गावाचा नकाशा. सेलवासहून वापी पंधरा-वीस किलोमीटर, म्हणजे गुजरात. दुसरीकडे तलासरी-डहाणू, म्हणजे महाराष्ट्र. आपण रोज ही हद्द ओलांडतो आणि आपल्याला जाणवतही नाही. संसार मोडला की मात्र प्रत्येक हद्द आडवी येते. लग्न अमळनेरला, संसार सेलवासला, नवऱ्याची नोकरी वापीला, बायको मुलांना घेऊन माहेरी. आता अर्ज कुठे करायचा?

माझ्या ओळखीतल्या एका बाईला एका कार्यालयात सांगितलं, "नवरा राहतो तिथे जा." तिथे गेली तर, "लग्न झालं तिथे जा." आठ महिने असेच गेले. खरं तर कायद्याने याचं उत्तर केव्हाच दिलं आहे. बायको पोटगीचा अर्ज ती राहते तिथे करू शकते. हिंदू विवाह कायद्यात 2003 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून घटस्फोटाचा अर्जही बायको स्वतः राहते तिथल्या कोर्टात करू शकते. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तर ती तात्पुरती जिथे राहते आहे, तिथेही अर्ज चालतो. मुलाच्या ताब्याचा अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथे. एवढी चार वाक्यं तिला पहिल्याच दिवशी कोणी सांगितली असती तर आठ महिने वाचले असते.

आणि आठ महिने म्हणजे नुसते हेलपाटे नाहीत बरं का. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सांगितलं आहे की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे अर्ज करण्याआधी चौकशीत गेलेल्या महिन्यांची पोटगी गेली ती गेलीच. रस्ता माहीत नसण्याची किंमत अशी रुपयांत मोजावी लागते, आणि मोजते ती जिच्या हातात आधीच काही नाही.

हद्दीचा आणखी एक घोळ. सेलवासचं कोर्ट मुंबई उच्च न्यायालयाखाली, वापीचं गुजरात उच्च न्यायालयाखाली. नवऱ्याने वापीकडे घटस्फोटाची केस टाकली आणि बायकोला ती सेलवासला आणायची असेल, तर त्यासाठी अर्ज दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो. रिक्षाने जायचं अंतर, आणि अर्ज दिल्लीत! म्हणून पहिली केस कोण कुठे टाकतो याला फार महत्त्व आहे. बैठकीत बसणाऱ्या आपल्या मोठ्या माणसांना हे ठाऊक असायला हवं.

दुसरी गोष्ट, वकिलाचा खर्च. "बाई, वकील किती घेईल?" हा प्रश्न मी सगळ्यात जास्त वेळा ऐकला आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा 1987 चा आहे. त्याच्या कलम 12 मध्ये फुकट वकील कोणाला मिळतो त्याची यादी आहे. स्त्रिया आणि मुलं, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीची माणसं, तीही उत्पन्नाची अट न लावता. अपंग व्यक्ती. आणि त्याच यादीत आहे औद्योगिक कामगार! आता आपलं गाव डोळ्यांसमोर आणा. 2011 च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीची लोकसंख्या 3 लाख 43 हजार, त्यात निम्म्याहून जास्त आदिवासी. उरलेल्यांतले कितीतरी कारखान्यात. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, बायकोलाही आणि मशीनवर उभ्या असलेल्या नवऱ्यालाही. तरी माणसं मंगळसूत्र गहाण ठेवून वकिलाची फी भरतात.

यासाठी फोन नंबर 15100. नाहीतर थेट सेलवासच्या कोर्टात जाऊन विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस विचारा. केस दाखल होण्याआधीही वाद लोक अदालतीपुढे नेता येतो. पोटगी किती, मुलांना कधी भेटायचं, दागिने-भांडी कोणाची, अशा गोष्टी तिथे मिटू शकतात आणि कोर्ट फी लागत नाही. एक मात्र लक्षात ठेवा. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्या.

तिसरी गोष्ट फार नाजूक आहे, आणि इथे आपण मराठी मंडळी जरा जास्तच शहाणपणा शिकवतो. खानवेल, दुधनी, मांदोनीकडच्या वारली-कोकणा कुटुंबांना आपण सांगतो, "कोर्टात जा, हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट घ्या." पण केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. कलम 2 मध्येच तसं लिहिलं आहे. त्यांचं लग्न आणि काडीमोड त्यांच्या रूढीने, पंचांपुढे होतो. वारल्यांत लग्न लावते ती धवलेरी, आणि पैशाअभावी आधी संसार, पोरं, मग सवडीने लग्न, असंही चालत आलं आहे. अशा बाईला "मॅरेज सर्टिफिकेट आणा" म्हटलं की ती उठून जाते आणि पुन्हा येत नाही.

पण म्हणून ती उघड्यावर नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा सगळ्या समाजांना लागू आहे आणि लग्नासारख्या नात्यात राहिलेल्या बाईलाही तो लागू होतो. राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाचे पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, हे सगळं त्यात मागता येतं. खोली भाड्याची आहे, नवऱ्याच्या नावावर आहे, म्हणून तिला कोणी बाहेर काढू शकत नाही. जुन्या फौजदारी संहितेतलं पोटगीचं कलम 125 (1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत कलम 144) हेही जातधर्म बघत नाही. हे तिला तिच्या भाषेत सांगणारं माणूस पाहिजे. कचेरीतली हिंदी-गुजराती आणि वकिलाची इंग्रजी ऐकून ती मान हलवते, पण समजलेलं नसतं.

चौथी गोष्ट, स्टँप पेपरवरची सोडचिठ्ठी. हे लोण गावाकडून इथवर आलं आहे. शंभराचा स्टँप, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, झाली फारकत! मंडळी, ज्यांना हिंदू विवाह कायदा लागू आहे आणि ज्यांच्या समाजात फारकतीची जुनी रूढी सिद्ध करता येत नाही, त्यांचा असा घटस्फोट कायद्यापुढे टिकत नाही. त्या कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते दुसरं लग्नच रद्द ठरतं, आणि भोगते बहुतेक वेळा दुसऱ्या घरात गेलेली मुलगी. आपल्याच बैठकांत असे कागद झालेले मी पाहिले आहेत. हे थांबवा. दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर परस्पर संमतीचा रीतसर मार्ग आहे. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. दोन खोल्यांचं भाडं परवडत नाही म्हणून कितीतरी जोडपी एकाच छताखाली अबोल राहतात. नवरा-बायको म्हणून संसार थांबला असेल तर तेही वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच म्हटलं आहे. अर्ज केल्यावर सहा महिने थांबायची अट असते, ती योग्य कारण असेल तर कोर्ट माफ करू शकतं, हे 2017 च्या निकालात आलं. आणि ज्यांना घटस्फोट नको, नुसतं वेगळं राहायचं आहे, त्यांच्यासाठी न्यायिक विभक्ततेची तरतूद आहे.

पाचवी गोष्ट मुलांची. ही बोलायला माझा हक्क थोडा जास्त, कारण आयुष्य त्यांच्यात गेलं. आई-वडील वेगळे झाले की पहिला तिढा शाळेच्या दाखल्याचा. "वडिलांची सही आणा, मग दाखला." शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवू शकत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही. त्या पोराचं वर्ष वाया जायचं काही कारण नाही. मुलाचे हाल होत असतील, ते दोघांच्या ओढाताणीत सापडलं असेल, तर 1098.

आणि मुलाला निरोप्या करू नका. "तुझ्या बापाला सांग," "आईला विचार पैसे कुठे गेले," हे वर्गातल्या पोराच्या चेहऱ्यावर दिसतं हो. एका वडिलांची मागणी एवढीच होती की रविवारी दोन तास मुलगी भेटावी. बैठकीत सगळे पोटगीच्या आकड्यावर भांडले, त्या दोन तासांचं कोणी नावसुद्धा काढलं नाही. वडील चिडले, पोटगी बंद केली, मग केस. तेव्हाच रविवार ठरला असता तर पुढचं कदाचित टळलं असतं. पुरुषालाही मन असतं. पुण्यात नारी समता मंचाने बायकांसाठी "बोलते व्हा" केंद्र चालवलं, आणि पुढे पुरुषांसाठी पुरुष संवाद केंद्रही काढलं. आपल्याकडे मनाचा भार असह्य होत असेल तर 14416, टेली-मानस, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल तर आपल्या गावातच आहे. तिथे जाणं म्हणजे "वेडा ठरणं" नव्हे.

मारहाण असेल तर मात्र वरचं सगळं बाजूला. बैठक नको, समजूत नको. 112 किंवा 181. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये एका छपराखाली डॉक्टरी मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा मिळतो. मार खाणाऱ्या बाईला "थोडं ॲडजस्ट कर" सांगणारी बैठक मध्यस्थी करत नाही, मारणाऱ्याला मुदत देते.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्ही घरं मोडायला निघालात. हे मी तोंडावर ऐकलं आहे. त्यांना माझं उत्तर असं. कुटुंब न्यायालयाचा 1984 चा कायदाच मुळी आधी समेटाचा प्रयत्न करा असं सांगतो, आणि त्यासाठी समुपदेशकांची सोय करतो. दुर्गाबाई देशमुखांनी 1953 च्या चीन दौऱ्यानंतर अशा वेगळ्या न्यायालयांचा आग्रह धरला, तोही माणसं कोर्टात कमी भरडली जावीत म्हणूनच. पण हा कायदा दहा लाखांवरच्या शहरात कुटुंब न्यायालय सक्तीचं करतो. आपण त्या आकड्याच्या जवळपासही नाही. म्हणजे पुण्या-मुंबईला कोर्टातच समुपदेशक असतो, आणि लहान गावात ती जागा शेजारी, मामा आणि शाळेच्या बाई भरतात. भरायचीच आहे तर नीट माहिती घेऊन भरू या. जुळणारं घर माहितीमुळे मोडत नाही. उलट आपले हक्क माहीत असलेली दोन माणसं समोरासमोर बसली तर बोलणं लवकर मार्गी लागतं. घाबरलेलं माणूस एकतर गप्प बसतं, नाहीतर मिळेल त्या कलमाखाली तक्रार ठोकतं.

आपल्या मराठी मुलखात हे आधी झालेलं आहे. मुंबईत 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजसेविका पोलिसांच्या आवारात बसू लागल्या. संगमनेरला 1988 साली परित्यक्ता बायकांची परिषद झाली. निशा शिवूरकरांनी त्या लढ्यावर "लढा टाकलेल्या स्त्रियांचा" हे पुस्तक लिहिलं. "टाकलेली" हा शब्द आपण किती सहज वापरतो ना? जुनी वस्तू टाकावी तसा. तिथल्या बायका व्यासपीठावर येऊन बोलल्या. त्यांना दया नको होती, हक्क हवे होते.

मी मंडळांकडे एवढं मोठं काही मागत नाही. तीन गोष्टी मागते.

एक, पुढच्या सूची पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर हे छापा:

मारहाण, तातडी: 112
महिला हेल्पलाइन, सखी सेंटर: 181
फुकट वकील, विधी सेवा: 15100
मुलांसाठी: 1098
मनाचा भार: 14416

आणि खाली दोन ओळी: "अर्ज तुम्ही राहता तिथे करता येतो. लग्नाचा कागद नाही म्हणून परत फिरू नका."

दोन, प्रत्येक मंडळाने एक बाई आणि एक पुरुष अशी दोन माणसं नेमावी. सल्ला देण्यासाठी नाही, न्यायनिवाडा करण्यासाठी तर मुळीच नाही. फक्त सोबत जाण्यासाठी. विधी सेवेच्या ऑफिसपर्यंत, हॉस्पिटलपर्यंत, शाळेपर्यंत. त्यांतलं एक माणूस वारली किंवा कोकणी बोलणारं मिळालं तर सोन्याहून पिवळं. बोललेलं कोणाच्या घरी जाणार नाही, एवढी एकच अट.

तीन, वेगळं झालेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवा. वेगळं झालेल्या भावाला गणपतीच्या वर्गणीपुरतं नाही, आरतीलाही बोलवा. त्यांच्या पोरांना स्नेहसंमेलनात स्टेजवर घ्या. याला ना अर्ज लागतो ना वकील.

मेळाव्याची तारीख ठरली की सूचीचं काम सुरू होईलच. शेवटचं पान कोरं असतं, नाहीतर तिथे जाहिरात असते. या वर्षी जाहिरात आतल्या पानावर घ्या.